शहाण्णव उजवे

तिचा दिवस पहाटे चार चाळीसला सुरू व्हायचा. साडेचारला नाही, पावणेपाचलाही नाही. फाटक पाच पन्नासला बंद व्हायचं आणि घरापासून फाटकापर्यंत चालत पस्तीस मिनिटं लागायची. उरलेल्या पस्तीस मिनिटांत चहा, दोन डबे, स्वतःची वेणी आणि लेकीच्या अंगावरून सरकलेलं पांघरूण. हे गणित तिने लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात बसवलं, आणि पुढे लेक झाली तरी चार चाळीस बदललं नाही.

ती म्हणजे माझी बायको. हातमोज्यांच्या कारखान्यात तेहतीस वर्षं अंगठे लावायची. तिथे तिला सगळे अंगठेवालीच म्हणत.

कामगारांचा जाड हातमोजा एकटं माणूस शिवत नाही. एक जण कातडं कापतो, दुसरी बोटं शिवते, तिसरी मनगटाची पट्टी लावते. या सगळ्यात अवघड काम अंगठ्याचं. बोटांची शिवण सरळ जाते. अंगठा तळव्याच्या गोल भोकात बसवायचा असतो, तोही तिरका, आणि सगळं उलट्या बाजूने. जरा घाई झाली की अंगठा मागे वळतो, आणि मग तो हातमोजा घालणाऱ्याचा हात दिवसभर दुखतो. कारखान्यात दोनशे माणसं होती. अंगठे लावणाऱ्या तिघी.

मी पाइप फिटर. आमची ओळख एका फाटक्या हातमोज्यामुळे झाली. नवी जोडी घातली आणि तिसऱ्या दिवशी उजव्या अंगठ्याची शिवण उसवली. माझी सुट्टी मंगळवारी असायची. त्या मंगळवारी तो हातमोजा घेऊन मी थेट कारखान्याच्या फाटकावर गेलो. मला भांडायचं होतं. मुकादमाने तिघी अंगठेवाल्यांना बाहेर बोलावलं, हातमोजा वर धरला आणि विचारलं, "कोणाचा?"

दोघी गप्प. तिसरी पुढे आली. "माझा."

मग मुकादमाकडे न बघता माझ्याकडे वळून म्हणाली, "पाना कसा धरता?"

मी हाताने दाखवलं.

"वाटलंच. दांडा बेचक्यात रेटता. तळव्यात धरा. असाच धरत राहिलात तर हातमोजाच काय, हातपण उसवेल."

ती हातमोजा घेऊन आत गेली आणि दहा मिनिटांत शिवून परत आली. पुढे दोन वर्षांनी त्या हातमोज्याच्या तळव्याला भोक पडलं, पण अंगठा हलला नाही. मी तो टाकला नाही.

नंतर कळलं की माझ्या तक्रारीपायी तिला पंधरा दिवस पितळी हातावर बसवलं होतं. शिवलेला हातमोजा उलटा असतो. तो तापलेल्या पितळी हातावर ओढून सुलटा करायचा. बोटांची टोकं पोळतात. मला वाईट वाटलं. पुढच्या मंगळवारी मी माफी मागायला गेलो.

"माफी राहू द्या," ती म्हणाली. "पाना धरून दाखवा."

मी दाखवला. सहा महिन्यांनी आमचं लग्न झालं.

कारखाना बंद पडला त्याला नऊ वर्षं झाली. तेव्हापासून अंगठ्याचं एक मशीन आमच्या खोलीत खिडकीखाली उभं आहे. उंच खांबाचं, लहान डोक्याचं. त्यावर निळी चादर असते. दर महिन्याला ती चादर काढून मशीनला तेल घालायची आणि पुन्हा झाकून ठेवायची. शिवायची मात्र काही नाही. तिच्या उजव्या अंगठ्याचा खालचा सांधा झिजला आहे. दवाखान्यातून एक पट्टा दिला आहे, तो दिवसभर बांधून ठेवायचा.

आमच्या वस्तीच्या सभागृहात दर नाताळला झाडांचं प्रदर्शन भरतं. झाडं म्हणजे खरी झाडं नव्हेत. ज्याने त्याने आपापल्या कामातल्या वस्तूंपासून नाताळचं झाड बनवायचं आणि दहा दिवस सभागृहात ठेवायचं. मागच्या वर्षी लेकीने आम्हाला ओढून नेलं. बायको हात पाठीमागे बांधून हिंडली. प्रत्येक झाडाजवळ वाकायची, खालून बघायची, पुढे जायची.

"काय शोधतेस?" मी विचारलं.

"मागची बाजू. पुढून काय, सगळंच चांगलं दिसतं."

दारातून बाहेर पडताना ती थांबली. म्हणाली, "आगीच्या बंबवाल्यांचं झाड आहे, किल्लीवाल्याचं आहे. आमचं नाही."

"तुमचा कारखाना तरी कुठे आहे?"

"कारखाना नाही. मी आहे ना."

हातमोजा हा संपण्यासाठीच केलेला माल आहे. खोक्यात भरून जातो, कुणाच्या तरी हातावर झिजतो, कचऱ्यात जातो. तेहतीस वर्षं तिने जे केलं त्यातलं काहीही, कुठेही, कोणी उभं राहून बघितलेलं नव्हतं. ते एकदा बघितलं जावं, एवढंच तिला हवं होतं. तिने ते असं कधी बोलून दाखवलं नाही. पण एवढं मला कळतं.

यंदा तिने अर्ज भरला. सभागृहाच्या कार्यवाहांनी नियम वाचून दाखवले. झाड स्वतःच्या बुडावर उभं राहायला हवं, भिंतीला टेकवायचं नाही. उद्घाटनाच्या दिवशी सकाळी नऊपर्यंत पूर्ण व्हायला हवं. अपुरं झाड आत घेणार नाही.

सांगाडा माझ्याकडे. सात फुटांचा दोन इंची पाइप, बुडाला फ्लँज म्हणजे रुंद लोखंडी चकती, चार बोल्ट. पाइपाला खालून वर लहान होत जाणारे आडवे हात, आणि हातांना आकडे. एकूण शहाण्णव आकडे, त्यातला एक अगदी शेंड्यावर. प्रत्येक आकड्यावर हातमोज्यांची एक जोडी, बोटं वर. झाल्यावर मी स्वतः त्याला लोंबकळून बघितलं. माझं वजन पंच्याहत्तर किलो. जागचं हललं नाही.

हातमोजे जमवायला तिने दोन ठिकाणी चिठ्ठी लावली, हत्यारांच्या दुकानात आणि गोदामाच्या चहाच्या टपरीवर. "जुने हातमोजे द्या. झाड करायचं आहे." लोकांनी भरभरून दिले. तीन पोती. मी ती पाठीवर घेऊन जिना चढलो.

ती जमिनीवर बसून निवडायला लागली. डावे या बाजूला, उजवे त्या बाजूला. डाव्यांचा ढीग तिच्या गुडघ्याला लागला, मग खांद्याला. उजव्यांच्या बाजूला पाच हातमोजे. त्यातल्या एकालाही तळवा उरलेला नव्हता.

ती थांबली. मीही थांबलो. मग दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं.

हातोडा, पाना, फावडं, सगळं उजव्या हातात. आधी झिजतो तो उजवा. लोक फाटका उजवा टाकून देतात आणि डावा ठेवतात, कधी तरी उपयोगी पडेल म्हणून. कधीच पडत नाही, पण फेकवतही नाही. जुने हातमोजे मागितले की येणार ते डावेच. तेहतीस वर्षं हातमोजे शिवणारीला आणि चाळीस वर्षं वापरणाऱ्याला हे आधी सुचू नये? माझ्या स्वतःच्या हत्यारांच्या पेटीत अकरा डावे होते.

"दोनशे चौदा," ती म्हणाली. "सगळे डावे."

"मग काय बिघडलं? डाव्यांचं करू. झाडाला काय कळतं डावं-उजवं?"

"मला कळतं."

"अगं, बघणाऱ्याला..."

"जोडी नसलेला माल मी फाटकाबाहेर जाऊ दिला नाही कधी. आता स्वतःच्या नावावर जाऊ देऊ? नाव काढून टाकते प्रदर्शनातून."

ती उठली आणि आत गेली. भांड्यांचा आवाज आला. अर्ध्या तासाने बाहेर आली तेव्हा हाताला पट्टा नव्हता. तिने मशीनवरची निळी चादर ओढून काढली आणि घडी करून कपाटात ठेवली.

"किती दिवस आहेत?"

"सोळा."

"रोज सहा. सोळा सक शहाण्णव. होतं."

"तुझा अंगठा?"

"तो पण कामालाच लागला आहे इतकी वर्षं. त्याला माहीत आहे."

कातडं मिळालं ते सोफेवाल्याकडून. कोपऱ्यावर त्याचं दुकान आहे. कापून उरलेले तुकडे तो पोत्यात भरून ठेवतो. लाल, हिरवे, काळे, पांढरे, मोरपंखी. तिने पोत्यात हात घालून एकेक तुकडा दोन्ही बाजूंनी ताणून बघितला.

सोफेवाला म्हणाला, "काकू, कचरा आहे तो. एवढं काय बघता?"

"कचरा तुझ्यासाठी. आणि हा तुकडा जनावराच्या पोटाचा आहे, सैल पडतो, हा सोफ्याला लावला असशील तर गिऱ्हाईक वर्षभरात परत येईल."

त्याने आणखी एक पोतं फुकट दिलं.

डावे सगळे करडे, पिवळट, तेलाचे डाग पडलेले. उजवे रंगीत होणार होते. मी विचारलं, चालेल का?

"रंग वेगळा चालेल. माप नाही चालणार."

म्हणून तिने शहाण्णव डावे निवडले, प्रत्येकाचं माप घेतलं आणि त्याच्या जोडीचा उजवा त्या मापाने कापायला घेतला. दुसऱ्या दिवशी चार चाळीसला तिची कूस वळली. घड्याळ लावलं नव्हतं.

कारखान्यात ती पाळीला तीनशे अंगठे लावायची. पण तिथे बाकीचं सगळं दुसरे करत. इथे कापणं, बोटं, अंगठा, पट्टी, सगळं एकटीने. सहा म्हणजे थोडे नव्हेत. मी कापायला बसलो. पहिले चार अंगठे मी कातडं ज्या बाजूने ताणलं जातं त्या बाजूने कापले. ते आडवे कापायचे असतात. चारही वाया. मग एक दिवस म्हटलं, मी शिवून बघतो. मशीन ओळखीचं होतं, पाय कुठे दाबायचा ते माहीत होतं. एक हातमोजा शिवला. तिने तो सुलटा केला, बोटं मोजली, आणि माझ्याकडे बघितलं.

"हा कोणासाठी? सहा बोटांचं कोणी आहे का ओळखीचं?"

त्यानंतर माझ्याकडे हातमोजे सुलटे करायचं काम राहिलं. पितळी हात आमच्याकडे नव्हता. एक लाकडी दांडा टोकाला गोल घासून घेतला आणि त्याने एकेक बोट बाहेर ढकललं. एका हातमोज्याला बारा मिनिटं. कारखान्यात यालाच शिक्षा समजत. बरोबर समजत.

दहाव्या दिवशी अठ्ठावन्न झाले होते. अकराव्या दिवशी सकाळी तिला कप उचलता येईना. अंगठा मुळाशी लाल, वांग्यासारखा फुगलेला. लेक संध्याकाळी आली आणि आईवर चिडली.

"आई, अगं कोण बघणार आहे डावं की उजवं? लोक येतात, फोटो काढतात, जातात."

"फोटोसाठी नाही करत आहे."

"मग कशासाठी?"

"तुझी शाळा, तुझं कॉलेज या अंगठ्यावर झालं. तेव्हा विचारलंस का कशासाठी?"

मग लेकीनेच गरम पाणी आणलं आणि हात शेकला. ते दोन दिवस गेले. बारा दिवसांत न झालेलं आता चार दिवसांत करायचं होतं. मी मनातल्या मनात म्हटलं, नाही होत. तिने पहिल्या दिवशी नऊ केले. दुसऱ्या दिवशी नऊ. तिसऱ्या दिवशी नऊ. चौथ्या दिवशी दहा. मधल्या बोटाने आणि तळव्याच्या कडेने कातडं पुढे सरकवायची, अंगठा बाजूला ठेवून. ही पद्धत तिने याच चार दिवसांत शोधली. चौसष्टाव्या वर्षी.

उद्घाटनाच्या सकाळी पंच्याण्णव उजवे तयार होते. शेवटचा कापून मशीनवर होता. चार चाळीसला उठून ती बसली. सात वाजता मशीनचा आवाज थांबला. मी बघितलं तर ती हात मांडीत घेऊन बसली होती. अंगठा मिटत नव्हता आणि उघडतही नव्हता.

"एक कमी," ती म्हणाली. "शेंडा रिकामा राहणार."

मी हत्यारांची पेटी उघडली. सगळ्यात खाली, एका फडक्यात गुंडाळलेला तो हातमोजा होता. फाटकावरचा. त्याचा डावा भाऊही माझ्या अकरांत होताच. दोन्ही तिच्यासमोर ठेवले.

"हा घे. उजवा आहे. तुझ्याच हातचा."

तिने तो डाव्या हाताने उचलला, उलटा केला, चष्मा लावला आणि अंगठ्याची शिवण वाचली. वाचली हाच शब्द बरोबर आहे. मग तिला हसू आलं.

"ही शिवण माझी नाही."

"काय?"

"शिवण संपवताना मी तीन टाके मागे घेते. पहिल्या दिवसापासून. इथे दोनच आहेत. म्हणून उसवली."

"मग कोणाची?"

"नवीची."

नवी मला माहीत होती. त्या वेळी ती कारखान्यात नुकतीच लागली होती म्हणून तिला नवी म्हणायला लागले, आणि निवृत्त होईपर्यंत ती नवीच राहिली.

"तिचा पहिलाच महिना होता," बायको म्हणाली. "मुकादम तिला तिथल्या तिथे घरी पाठवणार होता. मला फार तर पितळी हातावर बसवलं असतं. बसवलंच."

"आणि हे तू मला आज सांगतेस? चाळीस वर्षांनी?"

"तुम्ही विचारलंत कधी? तुम्ही आपले येईल त्याला दाखवत सुटलात, बघा माझ्या बायकोच्या हातची शिवण म्हणून. मी मध्ये कशाला बोलू?"

"म्हणजे इतकी वर्षं मी नवीच्या शिवणीचं कौतुक करतो आहे?"

"वरून जी दुरुस्ती केली ती माझी. बघा, तीन टाके."

मी चष्मा पुसून लावला. खाली दोन, त्यावर तीन. दोरा जरा वेगळा. दोन वर्षं हातात घालून आणि अडतीस वर्षं पेटीत ठेवून मला ते दिसलं नव्हतं.

"तळव्याला भोक आहे," मी म्हणालो. "नव्यांमध्ये चालेल?"

"जोडी आहे. माप बरोबर आहे. मी तपासला आहे. चला, आठला सोफेवाला टेम्पो आणतोय."

नऊला दहा मिनिटं कमी असताना शेंड्याच्या आकड्यावर ती जोडी चढली. चार बोल्ट मी स्वतः आवळले. झाड भिंतीपासून दोन फूट पुढे, स्वतःच्या बुडावर.

नऊ ते दहा मोकळे होतो. तिने मागच्या वर्षीसारखे हात पाठीमागे बांधले आणि आम्ही सगळी झाडं बघून घेतली. बंबवाल्यांनी पाणी मारायचे जुने पाइप गुंडाळून झाड केलं होतं, वर पितळेचं तोंड घासून चकचकीत. घासणाऱ्याने कोपरे सोडले नव्हते. चांगलं काम. शाळेचं झाड पेन्सिलींच्या थोटकांचं, हजारभर तरी असतील, टोकं सगळी एका दिशेला. सायकलवाल्याने रिमा एकावर एक रचल्या होत्या, सगळ्या फिरत होत्या, एकही डुगडुगत नव्हती. दाताच्या दवाखान्याने कवळ्यांच्या प्लास्टरच्या साच्यांचं झाड केलं होतं. त्यासमोर उभं राहिलं की झाडच आपल्याकडे बघून हसतं. एका मोठ्या दुकानाचं झाड मात्र विकत आणलेलं होतं, दिव्यांसकट. दिवे छान लुकलुकत होते.

"याच्यावर पावती टांगली असती तरी चाललं असतं," मी म्हणालो.

"हळू बोला. दिवे लावायला पण कोणाला तरी शिडीवर चढावं लागलंच असेल."

परत आलो तर कार्यवाह आमच्या झाडासमोर पुठ्ठ्याचं कार्ड लावत होते. प्रत्येक झाडासमोर असं कार्ड असतं. त्यावर लिहिलं होतं: हातमोज्यांचं झाड. सादरकर्ती: एक गृहिणी.

तिने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे कोण?"

"तुम्हीच की, काकू. अर्जात कामाच्या जागी 'आता काही नाही' असं लिहिलं होतं, म्हणून म्हटलं..."

"पेन द्या."

तिने डाव्या हाताने लिहिलं, कारण उजवा चालत नव्हता. अक्षर वाकडंतिकडं आलं. गृहिणी खोडून तिने लिहिलं: अंगठे लावणारी, तेहतीस वर्षं. कार्यवाह म्हणाले, दुसऱ्या कार्डावर सुवाच्य अक्षरात लिहून आणतो. ती म्हणाली, राहू द्या, हेच नीट आहे.

दहाला दारं उघडली. गर्दी आली. आमच्या झाडाजवळ आलेला माणूस आधी हसायचा. रंगीत हात वर केलेले आहेत, गंमत वाटायची. मग जवळ यायचा. मग बघायचा की प्रत्येक रंगीत हाताशेजारी एक करडा, मळका हात आहे, आणि दोघं अगदी एका मापाचे. तिथे लोकांची बोलणी थांबायची. गोदामातले हमाल आले. त्यातला एक ओरडला, "अरे, हा डावा माझा! हा बघा, इथे मी तार बांधली होती!" मग सगळेच आपापला डावा शोधायला लागले. कोणाला सापडला, कोणाला नाही. ज्याला सापडला तो त्याच्या जोडीच्या नव्या उजव्याला हात लावून बघत होता. एकाने विचारलं, "घालून बघू का?" ती म्हणाली, "बघा. अंगठा मागे ओढत असेल तर सांगा." त्याने घातला, मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली.

"नाही ओढत," तो म्हणाला. आणि परत आकड्यावर ठेवताना दोन्ही हातांनी ठेवला.

बायको बाजूच्या खुर्चीवर पाठ ताठ ठेवून बसली होती. चेहऱ्यावर काही नाही. पण मी तिला ओळखतो. पगाराच्या दिवशी ती अशी बसायची.

बाराच्या सुमाराला कारखान्यातल्या बायका आल्या, सहा-सात जणी. त्यांच्यात नवी. केस सगळे पांढरे. बाकीच्या झाडाभोवती फिरून अंगठे चाचपत होत्या, एकमेकींना दाखवत होत्या. नवी वर बघत उभी राहिली. शेंड्याकडे. मग मला म्हणाली, "भाऊजी, तो वरचा जरा काढता का?"

मी स्टुलावर चढून काढून दिला. तिने त्याची कड उलटी केली आणि आत बोट फिरवलं. डोळ्यांनी बघितलंसुद्धा नाही.

"दोन टाके," ती म्हणाली. "हा माझा आहे."

तिने कड पुन्हा सरळ केली.

"तुम्ही ठेवलात हा? इतकी वर्षं?" तिने मला विचारलं. मग बायकोकडे वळली. "अंगठेवाली, मी तुला तेव्हा काही बोललेच नाही गं. पंधरा दिवस तुझी बोटं भाजत होती आणि मी शेजारी बसून..."

"तीन टाके घ्यायला शिकलीस ना?"

"दुसऱ्या दिवसापासून. एकदाही चुकले नाही. तीस वर्षं."

"मग झालं. आता डोळे पूस, लोक झाड बघायला आलेत, तुला नाही. आणि तो वर लावायला दे, शेंडा मोकळा दिसतोय."

नवी स्वतः स्टुलावर चढली. आम्ही दोघांनी तिला धरलं. तिने जोडी आकड्यावर चढवली, अंगठे नीट बाहेर काढले आणि खाली उतरून लांबून तपासलं. मग बायकोच्या शेजारच्या खुर्चीवर बसली, आणि संध्याकाळपर्यंत कोणी विचारलं की दोघी मिळून सांगायच्या, अंगठा कसा लावतात.

दुपारी दाताच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांचं झाड आमच्या शेजारीच होतं. त्यांनी एक उजवा हातात घेऊन सगळ्या बाजूंनी बघितला. त्यांचंही काम हाताचंच, त्यामुळे त्या उगाच छान छान म्हणाल्या नाहीत. विचारलं, "हे घरच्या शिलाई मशीनवर होत नसेल."

"नाही. अंगठ्याचं मशीन वेगळं असतं. घरी आहे."

"कारखान्यातलं? निवृत्तीची भेट म्हणून दिलं असेल कंपनीने. तेहतीस वर्षं म्हणजे काय कमी झाली?"

नवी हसली. बायकोही हसली.

"कंपनीने चहा दिला," बायको म्हणाली. "मशीन मी विकत घेतलं. भंगारात चाललं होतं. शेवटच्या महिन्याच्या पगारात घेतलं."

मला तो दिवस आठवला. त्या पगारात आम्ही फ्रिज घ्यायचं ठरवलं होतं. जागासुद्धा रिकामी करून ठेवली होती, खिडकीखाली. संध्याकाळी ती हातगाडीच्या मागे चालत आली आणि हातगाडीवर हे. मी त्याला गंजकं लोखंड म्हणालो होतो आणि दोन दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. फ्रिज पुढे दोन वर्षांनी आला, तो स्वयंपाकघराच्या दाराशी अडचणीत उभा आहे. खिडकीखालची जागा मशीनची.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सगळा पगार?"

तिने उत्तर द्यायच्या आत मीच सांगितलं.

"सगळा. ओव्हरटाइम धरून."